गावपणाचे अकरा नियम

नकाशे पास करून देणाऱ्या ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात, जुने नकाशे आणि किस्से. नकाशांच्या गुंडाळ्या आम्ही माळ्यावर टाकतो, तिथे त्यांना वाळवी लागते. किश्शांना वाळवीसुद्धा तोंड लावत नाही! उलट ते दर वर्षी थोडे वाढतात.

दहिवलीत पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस, खाली सायकलचं दुकान. साहेब आर्किटेक्ट आणि मी ड्राफ्ट्समन. बाई असून 'मन' कशी, ते विचारू नका. बावीस वर्षांपूर्वी पेंटरने बोर्डावर तसं रंगवलं आणि तो बोर्ड बदलणं साहेबांच्या जिवावर येतं. मी नकाशे काढते, अर्ज टाइप करते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं रडगाणं ऐकून घेते.

ऑफिस झाडायला जनाकाकू येतात, पळसदरीच्या अलीकडच्या एका गावातून. गावाचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. काकूंचं आयुष्यात एकच मागणं आहे. डोक्यावर स्लॅब! झाडता झाडता रोज विचारायच्या, "माज्या घराचा नकाशा झाला का गं नंदा?" दोन खोल्या, एक पडवी आणि वर सपाट स्लॅब, असा नकाशा मी कधीच काढून ठेवला होता. त्याची गुंडाळी माळ्यावर टाकली नाही, माझ्या टेबलाच्या खणात ठेवली.

ऑफिसचा नियम मात्र एकच आणि तो सगळे पाळतात. ज्याची चूक, त्याचे वडे! नकाशात खिडकी राहिली, वडे. सर्व्हे नंबर चुकला, वडे. साहेबांनी एकदा संडासाला दारच दाखवलं नव्हतं, तेव्हा त्यांनी सगळ्यांना दोन-दोन वडे चारले. माझे वडे मात्र बावीस वर्षांत कुणाच्या पोटात गेलेले नाहीत. सुरुवातीला साहेब माझं टायपिंग ओळीवर बोट ठेवून वाचायचे. आता न वाचताच सही ठोकतात. "तुमची चूक शोधत बसायचं म्हणजे उपास घडायचा," म्हणतात.

*

गिऱ्हाईक येतं ते कागद घेऊन नाही, मोबाईल घेऊन येतं. "असं एलिवेशन पायजे!" एलिवेशन म्हणजे घराचं तोंड. आतल्या खोल्यांचं कुणाला काही पडलेलं नसतं. एकाने तर घर बांधून झाल्यावर विचारलं होतं, "म्याडम, वर जायाचं कुठून?"

भिसेगावचे एक गृहस्थ आले. मोबाईल पुढे केला. तीन मजली, गुलाबी, कडेने पांढरी नक्षी. मी फोटो मोठा करून बघितला आणि म्हटलं, "अहो, यावर मेणबत्ती आहे."

"हां, नातवाचा पयला वाढदिवस व्हता ना."

"म्हणजे हा केक आहे!"

"केकच हाय. पर डिझाइन बघा की!"

साहेबांनी त्यांना तासभर समजावलं. प्रमाण, साधेपणा, आजूबाजूच्या घरांशी नातं, काय काय सांगितलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, तुमी म्हंता तर मेनबत्ती काढा. बाकी सेम ठेवा."

तसंच बांधलं. मेणबत्तीच्या जागी पाण्याची टाकी आली. आता रिक्षावाल्याला पत्ता सांगायची गरज नाही. "केकपाशी सोड," म्हटलं की पुरे.

साहेब त्या रस्त्याने जात नाहीत. लांबून वळसा घेतात.

*

मग आमच्या ऑफिससमोर काचेची बिल्डिंग आली. खालपासून वरपर्यंत निळी काच. आमच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसायचा, तो पार झाकला गेला. खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. त्या डोंगराकडे बघत मी बावीस वर्षं डबा खाल्ला आहे. त्यामुळे इमारतीच्या तोंडाला नियम नकोतच, असं मी कधी म्हणणार नाही.

साहेब तर पेटलेच. तक्रार अर्ज लिहायला घेतला आणि शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायला निघाले. पहिले शेजारी इस्माईलभाई. त्यांचं कौलं, फरशा आणि पत्र्यांचं दुकान आहे, पिढीजात. मागे वखार आणि वखारीमागे घर.

साहेब म्हणाले, "भाई, दुपारी त्या काचेवरून ऊन सरळ तुमच्या अंगणात येतं. त्रास होत असेल ना? करा सही."

इस्माईलभाईंनी पेन उघडलं, तेवढ्यात आतून भाभींचा आवाज आला. "खबरदार सही केलात तर! पूर्वी दुपारी दोनला अंगणातलं ऊन जायचं. आता पाच वाजेपर्यंत राहतं. माझे पापड, माझे बोंबील, सगळं त्या काचेवर वाळतं!"

साहेब कळवळून म्हणाले, "भाभी, अहो, डोंगर झाकला गेला!"

"डोंगर कुठे पळून जातोय साहेब? पापडांना बुरशी येते!"

अर्जावर शेवटी एकच सही झाली, साहेबांची. आणि येताना त्यांच्या हातात पापडांची पिशवी होती.

*

गावातल्या माणसाला शहरासारखं घर हवं असतं आणि शहरातल्या माणसाला गावासारखं. आमचं ऑफिस चालतं ते या दोघांच्या मधोमध.

खालापूरच्या बाजूला, जनाकाकूंच्या गावालगत, एका मुंबईच्या मॅडमचा बंगला आम्ही केला. त्यांना कौलं हवी होती. नवी नकोत, जुनीच हवीत आणि त्यांच्यावर शेवाळ हवं! भिंतींना शेणाने सारवल्याचा रंग हवा, पण शेण नको. पेंटरने शेड कार्डातले चौदा तपकिरी रंग दाखवले. मॅडम प्रत्येकाला म्हणाल्या, "नाही हो, हे अजून फ्रेश नाही वाटत." शेवटी पेंटरने हात जोडले. "म्याडम, याच्यापरीस फ्रेश पायजे तर म्हैसच आनावी लागंल."

बिचाऱ्या घाबरटही होत्या. एकदा मी फोनवर सहज म्हणाले, "आज मिस्त्री येणार नाही, शेजारच्या बंगल्याचा स्लॅब पडतोय." तिकडून किंकाळी! "कुणाला लागलं का?" आमच्याकडे स्लॅब पडणं म्हणजे माल ओतून स्लॅब तयार होणं. त्या दिवशी पेढे वाटतात, हे त्यांना पटेपर्यंत माझा चहा गार झाला.

शेवाळाचं काम इस्माईलभाईंकडे गेलं. मी वखारीत डोकावले तर भाई नव्या कोऱ्या कौलांवर तांब्यातून ताक शिंपडत होते.

"हे काय चाललंय भाई?"

"शेवाळ धरायला ठेवलंय ताई. ताकाने लवकर धरतं." मग जरा थांबून म्हणाले, "माझे वालिद जन्मभर कौलांवरचं शेवाळ खरवडून देत होते. मी लावून देतो. धंदा तोच हाय, नुसता उलटा केलाय!"

*

याच मॅडम आणि त्यांच्यासारखे चार बंगलेवाले एकदा जनाकाकूंच्या गावच्या सरपंचांकडे गेले. म्हणाले, गावात भलतीसलती घरं उठताहेत, गावाचं गावपण चाललंय, काहीतरी नियम करा. सरपंचांना पटलं. गावपण टिकलं तर पाहुणे येतील, पाहुणे आले तर कोंबडी-भाकरी खपेल. नियम लिहायला आमचे साहेब बसले. त्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला! केक आणि काच, दोन्हींचा सूड एकदम.

अकरा नियम झाले. भडक रंग नको, काच नको, दर्शनी भाग पारंपरिक हवा, असं काय काय. सातवा नियम छपराचा. साहेब लिहीत होते, "नवीन घर बांधताना मंगलोरी कौल वापरणे बंधनकारक राहील."

तिथे इस्माईलभाई बसले होते. म्हणाले, "साहेब, 'वापरणे' नको, 'घेणे' लिहा. वापरायला काय, लोक एकमेकांची जुनी वापरतील. 'घेणे' म्हटलं की दुकानात येतील!"

साहेब हसले आणि 'घेणे' लिहिलं.

ग्रामसभेला मीही गेले होते, नकाशे धरायला. साहेबांनी झकास भाषण केलं. लाल कौलं, हिरवा डोंगर, भाताची खाचरं. ऐकून माझंही मन भरून आलं. तेवढ्यात बायकांतून जनाकाकू उभ्या राहिल्या.

"साहेब, इचारू का एक?"

"विचारा ना काकू."

"आमचं धनी मिरगाच्या आदी कौलं चाळाय वर चढलं. रीप मोडली, खाली पडलं. कंबर गेली ती गेलीच. आता दर साली मी चढते. पंचावन वर्साची बाय मी, साडीचा काचा मारून कौलांवर! ते खालनं शिडी धरतात आनि डोळं मिटून घेतात. वर चढून कौलं लावून येते, की दुसऱ्या दिशी माकडं नाचून फोडतात. आता मला सांगा, माकडांना कंचा नियम लावलाय तुमी?"

लोक हसले. साहेबही हसले. काकू हसल्या नाहीत.

"आनि दुसरं. तुमी ऱ्हाता त्या घरावर काय हाय?"

साहेबांनी घसा साफ केला. "स्लॅब."

"आनि त्याच्या वर?"

साहेब हातातले कागद चाळू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "निळा पत्रा!"

भिसेगावात साहेबांचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे. स्लॅब गळतो म्हणून गच्चीवर निळ्या पत्र्यांची शेड टाकली आहे, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक! एकच हशा उठला.

पण हसून ठराव पडत नाहीत. हात वर करा म्हटल्यावर ज्यांचे स्लॅब आधीच पडले होते, त्यांचे हात सगळ्यात आधी वर गेले. ठराव मंजूर झाला.

परतताना काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला साहेबांचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा. नकाशे मीच धरून उभी होते ना!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी हाताने लिहिलेले अकरा नियम माझ्या टेबलावर ठेवले. मी टाइप केले. साहेबांनी सही ठोकली आणि कागद पंचायतीच्या बोर्डावर लागला.

*

नियमांचा पहिला परिणाम आमच्या कल्पनेपलीकडचा होता.

गावातल्या एका रिटायर्ड मास्तरांनी चौथा नियम वाचला. "घराचा दर्शनी भाग पारंपरिक असावा." मास्तर विचारात पडले. मग त्यांनी नव्या घराच्या पुढच्या भिंतीत चांगला पुरुषभर उंच कोनाडा केला, आत गणपती बसवला, वर कळस चढवला आणि घंटाही टांगली.

साहेब बघायला गेले आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, हे काय केलंत?"

"दर्शनी भाग."

"अहो, दर्शनी भाग म्हणजे समोरून दिसणारा!"

"मग? समोरूनच दर्शन होतं की!"

आता लोक रस्त्याने जाता जाता चपला काढून घंटा वाजवतात. मास्तरांची दुपारची झोप गेली. पोस्टमन तर पत्र टाकायच्या आधी नमस्कार करतो, आणि लाइट बिलवाल्याने परवा बिल गणपतीच्या पायाशी ठेवलं. सौ. मास्तर म्हणतात, "भरेल तोच!"

*

आता जनाकाकूंचं.

काकूंचा नकाशा मी खणातून काढला, साहेबांची सही घेतली आणि पंचायतीत पाठवला. आठ दिवसांत परत आला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लाल पेनने शेरा मारला होता, "नियम सात पाहावा."

काकू झाडू बाजूला ठेवून माझ्यासमोर बसल्या. "काय हाय गं सात नंबरात? बोर्डावर लावलंय म्हंतात, पर मला कुठं वाचाय येतंय? तू वाच."

मी ऑफिस कॉपी काढली आणि वाचली. "नवीन घर बांधताना कौल घेणे बंधनकारक राहील."

"परत वाच."

परत वाचलं, जरा सावकाश.

"म्हंजे कौल घ्यायाचा."

"असं लिहिलंय."

"कुनाचा, ते लिवलंय?"

"नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. त्या दिवशी ऑफिस अर्धंच झाडलं गेलं.

मंगळवारी काकूंनी गावदेवीला कौल लावला. विहीर असो की लग्न, त्या गावात देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. मी रजा टाकून गेले होते. अर्धं गाव जमलं होतं. काकूंच्या नवऱ्याला, धर्माकाकांना, दोघांनी खुर्चीत बसवून आणलं. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

काकूंनी पदर पसरला. "आये, डोक्यावर सिलॅब टाकू का नको? सरळ सांग. माज्या मानसाकडं बघ आनि सांग."

मी देवधर्मातली नाही. पण तेव्हा मीही हात जोडले. डावी पडली असती तर काकू जन्मभर कौलाखाली राहिल्या असत्या आणि पुन्हा कुणाशी भांडल्याही नसत्या. आम्ही अर्धा तास उभे होतो. डावी पाकळी वरून सुटत आली होती, नुसती लोंबत होती. धर्माकाकांनी सवयीने डोळे मिटून घेतले होते.

उजवी पडली.

काकू रडल्या नाहीत. काका रडले, खुर्चीत बसून, मोठमोठ्याने.

बुधवारी अकराच्या सुमारास भाऊसाहेब स्वतः आमच्या ऑफिसात आले. काकू झाडत होत्या. भाऊसाहेबांनी साहेबांपुढे कागद ठेवला. काकूंच्या वतीने मास्तरांनी लिहिलेला अर्ज होता. "नियम सातनुसार रीतसर कौल घेतला. उजवा मिळाला. सोबत गुरवाची सही व साक्षीदारांचे अंगठे."

साहेब पोट धरून हसले. "अहो भाऊसाहेब, हा कौल नव्हे! छपरावरचं कौल! मंगलोरी कौल!"

"मंगलोरी कुठं लिवलंय साहेब? दाखवा."

साहेबांनी नियमांचा कागद ओढला आणि पहिल्यांदाच वाचला. ओळीवर बोट ठेवून वाचला. मग खणातून स्वतःच्या हातचा कच्चा कागद काढला. त्यात होतं, ठळक अक्षरात, मंगलोरी.

"दुरुस्ती करू! पुढच्या ग्रामसभेत लगेच दुरुस्ती!"

"करा की," भाऊसाहेब म्हणाले. "देवीनं दिलेला कौल फिरवायचा ठराव तुमी मांडा. मी प्रोसिडिंगला तुमचं नाव लिवतो. अनुमोदन मातर तुमचं तुमीच शोधा."

साहेब खाली बसले. भाऊसाहेबांनी पिशवीतून शिक्का काढला, त्याला हाऽ करून वाफ दिली आणि अर्जाला जोडलेल्या काकूंच्या नकाशावर मारला. काकूंनी दोन्ही हातांनी नकाशा उचलला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारत राहिल्या.

मग साहेब हळूहळू माझ्याकडे वळले.

"नंदाबाई! बावीस वर्षांत पहिली चूक! आता सोडणार नाही. वडे!"

मी टेबलाचा खण उघडला. नकाशा गेल्यामुळे जागा झाली होती, तिथे कागदाचा मोठा पुडा होता. प्रत्येकाला दोन-दोन वडे आले, भाऊसाहेबांनाही. अजून कोमट होते.